‘नवशिक्यांना स्विच शिकवूच नका’ या मताला उत्तर

सीनिष्ठ: सी भाषेतला स्विच म्हणजे एखाद्या किमतीनुसार प्रोग्रामला वेगवेगळ्या केसकडे, म्हणजे पर्यायांकडे, वळवणारी रचना. त्यात ब्रेक विसरला की प्रोग्राम पुढच्या केसमध्ये घुसतो, म्हणून नवशिक्यांना इफ-एल्सच (‘असे असेल तर हे, नाहीतर ते’) पुरे, असे काल येथे ठासून लिहिले गेले आणि ते वाचून राहवले नाही. केस ही केवळ उडी मारून पोहोचण्याची खूण आहे. तेथून विधाने क्रमाने चालत राहतात आणि ब्रेक आला की स्विचबाहेर पडतात. एवढे उमगले की एकाच कृतीसाठी चार केस एकाखाली एक लिहिता येतात. शिवाय किमती लागोपाठच्या असतील तर कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बहुधा उडी-तक्ता बनवतो, म्हणजे किमतीवरून थेट योग्य केस गाठता येते.

अर्धविराम: तक्त्याचे कौतुक पुरे. सी-शार्प भाषेत विधाने असलेली केस पुढे घसरू दिली तर कोड कंपाइलच होत नाही. गो आणि स्विफ्टमध्ये केस आपोआप संपते आणि पुढे जायचे असल्यास ‘फॉलथ्रू’ असे स्पष्ट लिहावे लागते. इतक्या भाषांनी जी पद्धत टाकली, तिचा कैवार कशासाठी?

सीनिष्ठ: कारण दोष फक्त विसरण्याचा नाही. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीचे लांब पल्ल्याचे जाळे सुमारे ९ तास कोलमडले, तेव्हा ब्रेक लिहिलेला होता. तो स्विचमधल्या इफच्या आत होता आणि त्याने स्विचमधूनच बाहेर काढले. ब्रेक नेमका कशातून बाहेर काढतो, हे शिकवायलाच हवे.

रात्रपाळी: दोघेही डिफॉल्टबद्दल, म्हणजे एकही केस न जुळल्यास चालणाऱ्या भागाबद्दल, गप्प का? आमच्याकडे परताव्याच्या एनममध्ये (ठरावीक स्थितींना नावे देणाऱ्या यादीत) ‘अंशतः परतावा’ ही नवी स्थिती आली, पण जुन्या स्विचमध्ये रिकामा डिफॉल्ट होता. ना त्रुटी, ना लॉग. नोंदी तशाच पडून राहिल्या आणि ग्राहकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या. डिफॉल्ट नसता, तर जीसीसी या सी कंपायलरने ‘वॉल’ या इशारे चालू करणाऱ्या पर्यायाखाली सुटलेल्या किमतीचा इशारा दिला असता. डिफॉल्ट लिहूच नये.

अर्धविराम: हा सल्ला घातक आहे. जाळ्यावरून आलेला पूर्णांक एनममध्ये भरला, तर त्यात कोणतीही किंमत असू शकते; अशा वेळी डिफॉल्ट न लिहिणे हा बेजबाबदारपणा आहे.

रात्रपाळी: बेजबाबदार कोणाला म्हणता? ती किंमत आत घेतानाच तपासा. डिफॉल्ट हवाच असेल तर त्यात त्रुटी उठवा आणि ‘स्विच-एनम’ इशारा चालू ठेवा. तो डिफॉल्ट असतानाही सुटलेली केस दाखवतो.

अर्धविराम: त्रुटी उठवणारा डिफॉल्ट मला मान्य आहे, रिकामा कधीच नाही.

सीनिष्ठ: नाइलाजाने एवढे मान्य करतो की नव्या सी कोडमध्ये फॉलथ्रूचा, म्हणजे ब्रेकशिवाय पुढच्या केसमध्ये घसरण्याचा, इशारा त्रुटी म्हणूनच धरावा, जीसीसी ७ पासून ती सोय आहे. स्विच मात्र मी पहिल्याच सत्रात शिकवणार.