सकाळी कडा, दुपारी समुद्र: तुमचे अनुभव सांगा

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पाच जण ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर नऊ दिवस राहून आलो. चढाई, पोहणं, जेवण, झोप, बस्स. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर असं कोणी केलं असेल तर लिहा. सुरुवात मी करते.

शेजारच्या कोस बेटापर्यंत विमान, मग बोटीने पोथिया बंदर आणि टॅक्सीने मासुरी गाव. गॅलरीत उभं राहिलं की मागे चुनखडीचे कडे आणि समोर तेलेंदोस बेटाचा डोंगर. आंद्रेआ दी बारी हा इटालियन आरोहक १९९६ साली इथे सुट्टीला आला आणि कडे बघून खुळावला. पुढच्याच वर्षी पहिले रूट, म्हणजे चढाईच्या वाटा, बोल्ट झाले, म्हणजे रोप अडकवायला कड्यात पक्के खिळे ठोकले गेले. आज तीन हजारांच्या वर आहेत.

आम्हा आळशांसाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे गावावरचे बरेचसे कडे पश्चिमेला तोंड करून आहेत. दुपारी साधारण एकपर्यंत सावली, मग ऊन असं येतं की दगडाला हात लावायची इच्छाच उरत नाही. म्हणजे समुद्रात जायचं की नाही यावर चर्चाच नको! फक्त सोललेली बोटं खारट पाण्यात घातली की पहिलं अर्धं मिनिट ब्रह्मांड आठवतं.

ग्रान्दे ग्रोत्ता ही भली मोठी गुहा. छताला चुनखडीचे लोंबते खांब, आणि लोक त्यांना मिठी मारून, गुडघे अडकवून चक्क विश्रांती घेतात. आम्ही खालून मान दुखेपर्यंत बघितलं आणि शेजारी आपल्या औकातीचे, ५सी-६ए या मध्यम अवघड श्रेणीचे रूट केले.

*

मीही कालिम्नोसलाच, पण न चढणारी. नवरा आणि त्याचे मित्र कड्याला चिकटलेले असताना नऊ दिवस करायचं काय, अशी धास्ती होती. पहिल्या दिवशी मला बिले, म्हणजे खालून चढणाऱ्याचा रोप सांभाळणं, शिकवायचा घाट घातला गेला, तो मी हाणून पाडला. मिर्तियेस गावच्या धक्क्यावरून छोटी बोट दहा मिनिटांत तेलेंदोसला नेते. तिथे गाड्याच नाहीत. पुस्तक, पोहणं आणि अंगावर येणाऱ्या बकऱ्या.

पोथियात मात्र एक दिवस नक्की काढा. हे बेट स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं. एकोणिसाव्या शतकात धातूचं शिरस्त्राण असलेला पोशाख आला, माणसं जास्त खोल आणि जास्त वेळ उतरू लागली, आणि घाईने वर आल्यामुळे कित्येक जण मेले, कित्येक कायमचे पांगळे झाले. इथल्या मिहानिकोस नावाच्या नाचात म्होरक्या थरथरत्या पायांनी, काठी टेकत नाचतो, तो तोच पाणबुड्या. हे कळल्यावर दुकानातला स्पंज हातात घेऊन उगाच ओशाळायला झालं. घेतला तरीही, दोन घेतले.

*

कालिम्नोसच. आम्ही शहाण्यांनी सह्याद्रीत वापरतो तो ६० मीटरचा रोप नेला. तिथे ७० तरी हवा, ८० असेल तर उत्तम, हे वाचलं होतं. "बघू की" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी एका लांब रूटवरून मैत्रिणीला खाली सोडत होतो. गप्पा चालू. एकदम हाताला काहीतरी टोचलं, बघतो तर रोपच्या टोकाची गाठ बिले डिव्हाइसला, म्हणजे ज्यातून रोप सोडतात त्या साधनाला, येऊन अडकलेली. आणि मैत्रीण जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लटकलेली.

"काय रे, थांबलास का?"

"रोप संपला."

यानंतर तिने जे मराठी ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. पायथ्याला चढाव होता म्हणून निभावलं. मी कड्याकडे सरकत पाच-सहा पावलं वर गेलो, तशी ती तेवढीच खाली आली. टोक निसटू नये म्हणून मारायची ती गाठ सकाळी तिनेच मारली होती. मी विसरलो होतो. संध्याकाळची सगळी बिलं अर्थात मी भरली.

बाकी आपल्या बसाल्टवर हात घालण्याआधी दगड ठोकून बघायची सवय आहे ना, ती तिथे चार दिवस सुटत नाही. शेजारचे जर्मन बघत राहायचे, हे लोक कड्याचं दार का वाजवतात म्हणून.

*

आम्ही स्पेनच्या मायोर्काला गेलो होतो. तिथे समुद्रावर झुकलेल्या कड्यांवर रोपशिवाय चढतात, सुटलात की पाण्यात. ऐकायला मजेशीर. पण खाली पुरेसं खोल आहे का, लाटा किती आहेत, परत वर यायची वाट कुठे आहे, हे आधी बघावं लागतं. मी पाच-सहा मीटरवरून आडवा पडलो. मांडीवर आठवडाभर जांभळा नकाशा होता. पाय सरळ, हात अंगाशी! शूज ओले झाले की त्या दिवसाची चढाई संपल्यात जमा, म्हणून जुनी जोडी न्या.

*

शाकाहारींचे हाल होतात का? जानेवारीत ठरवतोय, मे महिन्यात जायचंय.

*

अजिबात नाही. कालिम्नोसला मिर्मिझेली मिळतं. जवाचे खडखडीत टोस्ट, त्यावर टोमॅटो, कांदा, चीज, ऑलिव्ह तेल. त्यात मासेही घालतात, आधीच सांगून ठेवा. सकाळी चक्क्यासारखं घट्ट दही आणि वर रानथाइमचा मध. आमच्यातल्या एकाने तरी थेपल्यांची अख्खी पिशवी नेली होती. ती सहाव्या दिवशी, कड्याखाली, एका बकरीने संपवली.