हवाईतलं हवाई अंतर

प्रश्न (रामबाग, इंदूर)
भाचीच्या भूगोलाच्या वहीत ‘होनोलुलू आणि हिलो यांतील हवाई अंतर’ असा मथळा लिहून दिला. आईने वाचलं आणि विचारलं, “हवाई बेटांवरचं अंतर ना? मग विमानाने किती?” ‘हवाई’ला दुसरा शब्द आहे का? इथे सगळे ‘हवाई दूरी’ म्हणतात, पण ‘दूरी’ तर हिंदी.

प्रतिसाद
ताई, ‘दूरी’ काढा, ‘हवाई’ राहू द्या. ‘हवा’ अरबी, ती फारसीतून आपल्याकडे आली आणि ‘सरकारी’सारखा ‘ई’ लागून विशेषण झालं. हवाई दल, हवाई पाहणी, हवाई छत्री हे शब्द मुरलेले आहेत. बेटांच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही, ते तिथल्या मूळ भाषेतलं.

दोन्ही ओळखायची खूण व्याकरणातच आहे. विशेषणाला विभक्ती लागत नाही. त्यामुळे हवाईला, हवाईत, हवाईचं म्हटलं की ते ठिकाणच. घोटाळा होतो तो नुसतं ‘हवाई’ नामाआधी आलं की. त्यात राज्याचं नाव हवाई आणि त्यातल्या सगळ्यांत मोठ्या बेटाचंही हवाईच! हिलो त्या मोठ्या बेटावर, होनोलुलू ओआहूवर. मथळ्यात बेटांची नावं घातलीत तर आईंची शंका उरणार नाही.

प्रतिसाद
मला ‘सरळ अंतर’ जास्त पटतं. इंदूर–पुणे हवाई अंतर साधारण ५१० किमी, धुळ्यावरून गाडीने ६००च्या आसपास. रस्ता आहे म्हणून तिथे ‘हवाई’ सांगावं लागतं. ओआहूहून हिलोला रस्ता कुठला? प्रवासी फेरीबोटसुद्धा चालत नाही, जायचं ते विमानानेच.

प्रतिसाद
दादा, तरी दोन्ही शब्द हवेत, कारण आकडे वेगळे येतात. शहर ते शहर सरळ अंतर सुमारे ३४० किमी, विमानतळ ते विमानतळ सुमारे ३४८. होनोलुलूचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि हिलोचा पूर्वेला, म्हणून दोन्ही टोकांना थोडं थोडं वाढतं. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर ‘सरळ’ म्हणावं, विमानाचा हिशेब असेल तर ‘हवाई’. विमान वळसा घेऊन उतरतं, तो वळसा यात धरत नाहीत. त्याला ‘उड्डाणमार्गाची लांबी’ म्हणावं लागेल.

प्रश्नकर्ती
पटलं. भाचीने एका ठिकाणी २१६ वाचलंय आणि दुसरीकडे १८८. यातलं खरं कुठलं?

प्रतिसाद
दोन्ही खरे. २१६ हे साधे मैल, १८८ सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किमीचा असतो आणि वैमानिक तोच वापरतात. वहीत नुसतं ‘मैल’ लिहू देऊ नका, १८८ लिहिलं तर ‘सागरी’ शब्द आवर्जून घाला.