सगळ्यात भारी फौजी रायफल कुठली? हाताळली असेल त्यांनी सांगा

काल आईचं शिलाई मशीन उघडून तेल घालत होतो आणि त्या वासाने डायरेक्ट एनसीसीच्या कोतमध्ये (रायफली ठेवायची खोली) पोचलो. परेड झाली की थ्री नॉट थ्री (.३०३ ची जुनी ब्रिटिश ली-एनफील्ड रायफल) जमा करायच्या आधी साफ करायची, फुलथ्रूला (सफाईची दोरी) चिंधी बांधून बॅरलमधून खेचायची, मग उस्ताद ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत बघणार आणि "और एक बार" म्हणणार, काहीही करा, और एक बार. हे पोराला सांगितलं तर तो म्हणतो बाबा प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा म्हणजे जोक आहे. म्हटलं बाळा, पहिल्या महायुद्धात जर्मन माउझरमध्ये ५ गोळ्या मावायच्या, हिच्यात १०, आणि बोल्ट एवढा सटासट चालायचा की ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून १५ गोळ्या मारायची प्रॅक्टिस असायची. बोल्टवाल्यांत माझं मत तिलाच. पुढच्या काळातलं तुम्ही सांगा, आणि प्लीज गेममधलं नको.

वानवडीचे सुभेदार
एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. विषय संपला.

वानवडीचे सुभेदार
बरं, नातू शाळेत गेला, आता नीट लिहितो. १९६२ ला आपली पोरं थ्री नॉट थ्री घेऊन वर गेली, समोर चिन्यांकडे सेमी ऑटोमॅटिक, बोल्ट ओढायला नको, घोडा दाबला की एक गोळी. त्यानंतर एसएलआर आली, ७.६२ मिमीची गोळी, २० ची मॅगझिन, ७१ ची लढाई तिच्यावरच झाली. लांब आहे, गाडीतून उतरताना दाराला अडकते, वजन ४ किलोच्या वर, दिवसभर गस्त घातली की खांदा आपला राहत नाही. पण तिची गोळी लागलेला माणूस परत उठत नाही. चिखल गेला, रायफल चालवणारा बारुदीचा गॅस कमी पडायला लागला तर त्याचा रेग्युलेटर दोन खटके फिरवायचा, परत चालू. आम्हाला अंधारात खोलून जोडायला लावायचे.

डेक्कनवरून
काका _/\_

कोथरूडची मावशी
आमच्या वेळी एनसीसीत मुलींना पॉइंट टू टू (.२२ ची छोटी रायफल), तिला धक्का असा नाहीच. कॅम्पला एकदाच थ्री नॉट थ्री दिली, बट खांद्याला घट्ट दाबून धरा असं दहा वेळा सांगूनही पुढचे तीन दिवस ब्लाऊजच्या बाहीला हात घालताना जीव जात होता. आई म्हणाली हे शिकायला पाठवलंय का तुला. पण काय मस्त वाटलं होतं! सासरे खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते (१८६९ ची आहे ती), त्यांना विचारलं कुठली भारी तर म्हणाले रायफल कुठलीही घ्या, काडतूस नीट पाहिजे. कुकर झाला, येते.

पाषाणकर
आता सगळे इन्सासला (एसएलआरनंतरची आपली देशी रायफल) शिव्या घालणार म्हणून आधीच लिहितो, ती आमच्या पाषाणच्या एआरडीईत (डीआरडीओची शस्त्र प्रयोगशाळा) डिझाइन झालीये त्यामुळे मी पार्शल आहे. कारगिलला थंडीत मॅगझिन तडकायच्या हे खरंय, नाही म्हणत नाही. पण तीच मॅगझिन आरपार दिसायची, किती गोळ्या उरल्यात ते बघायला काढायची गरज नाही. शिवाय एसएलआरपेक्षा गोळी हलकी, तेवढ्याच वजनात जास्त नेता येतात. ऑटोमॅटिकच्या जागी तीन तीनचा बर्स्ट ठेवला होता, पोरं घाबरून अख्खी मॅगझिन रिकामी करू नयेत म्हणून.

काश्मीर रिटर्न
पाषाणकर, तुमच्या एआरडीईचा मान राखून सांगतो, आमच्याकडे चॉइस मिळाला की सगळे एके ४७ उचलायचे. नाल्यातून, बर्फातून, कशीही न्या. खोड्या तिच्यातही आहेत. सेफ्टीचा खटका खाली ओढला की "खटॅक" असा आवाज होतो की रात्री शेजारच्या गावाला कळावं. आणि त्या खटक्यावर पहिलं ऑटो लागतं, अजून खाली गेलं की सिंगल. नवीन पोराला हे उलटं वाटतं, पण घाबरून झटक्यात ओढला तर खटका तळाला जातो आणि सिंगलच लागतं, डोकं लावलंय त्यात. ३०० मीटरच्या पुढे मात्र एसएलआरच बरी, सुभेदारसाहेब बरोबर आहेत.

वानवडीचे सुभेदार
जय हिंद. कुठली युनिट?

काश्मीर रिटर्न
साहेब इथे नको, मेसेज करतो.

यूट्यूब विद्यापीठ
गेम नको म्हणालात, यूट्यूब चालेल ना? दुसऱ्या महायुद्धाला अमेरिकेची गॅरंड, बाकीचे बोल्ट ओढत होते तेव्हा यांच्याकडे सेमी ऑटो, ८ गोळ्या, शेवटची गेली की क्लिप टिंग करून बाहेर. आणि वाया घालवलेल्याचं उदाहरण एम १६. मुळात चांगली रायफल, पण व्हिएतनामला पाठवताना काडतुसातली दारू बदलली, गोळी बसते त्या चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, वर जवानांना सांगितलं हिला साफसफाई फारशी लागत नाही, क्लीनिंग किटसुद्धा पुरेशी दिली नाहीत. जाम होऊन पोरं मेली. मग सगळं सुधारलं आणि तिचीच पिलावळ आजपर्यंत चाललीये.

तेल घालणारा (धागाकर्ता)
आमच्या उस्तादाला पाठवायला हवं होतं व्हिएतनामला. और एक बार.

सासवड रोड
पणजोबा मराठा रेजिमेंटमधून इटलीत होते. रायफलबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत, चिखल आणि थंडी एवढंच. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे, दोघांनाही तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. वाचलं तर दोघांच्या हातात टॉमीगन (छोटी सबमशीनगन) होती, आणि जाधवांनी तर हाताला गोळी लागल्यावर तीही टाकून ग्रेनेड घेतले. म्हणजे तुमच्या स्पर्धेत रायफल बादच.

डेक्कनवरून
आता अमेठीजवळ कोरव्याला एके २०३ बनतीये आणि अमेरिकेची सिग ७१६ घेतली ती परत ७.६२ च, एसएलआरवालीच गोळी. फिरून फिरून भोपळे चौकात.

वानवडीचे सुभेदार
मी पहिल्या ओळीत काय लिहिलं होतं?

कोथरूडची मावशी
आले. कोणाला माहितीये का, एनसीसीचं सी सर्टिफिकेट हरवलं तर डुप्लिकेट मिळतं का? भाचीला दाखवायला शोधतेय, घर बदलताना गेलं बहुतेक.

काश्मीर रिटर्न
ज्या बटालियनमधून केलं तिथे जाऊन विचारा मावशी, वर्ष आणि कॉलेज सांगा. सकाळी लवकर जा, दुपारी कोणी भेटत नाही.