मदत हवी आहे: एन्ट्रॉपी हा पाहणाऱ्याचा भ्रम म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी. काही आठवडे एकाच जागी अडलोय, जाणकारांनी कृपया हात द्यावा.

एन्ट्रॉपी म्हणजे साध्या भाषेत अव्यवस्थेचं माप. भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनने १८७७ मध्ये मांडलं त्यानुसार, एका ढोबळ स्थितीमागे (म्हणजे तापमान, दाब वगैरे) रेणूंच्या जितक्या जास्त सूक्ष्म रचना शक्य, तितकी एन्ट्रॉपी जास्त. पण ढोबळ कोणाच्या नजरेला? प्रत्येक रेणू वेगळा ओळखणाऱ्याला एकच रचना दिसेल, मग त्याच्यासाठी एन्ट्रॉपी शून्य का? आणि तरी गरम पाणी कोणी बघो न बघो, गार होतंच.

आता अद्वैत. अंधारात दोरीवर भासलेला साप उजेड पडताच जातो. पण मी पट्टीने सहा-सहा सेंटीमीटरच्या दोन रेघा ओढल्या, एकीच्या टोकांना आत वळलेली बाणाची पाती काढली, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. म्युलर-लायरचा भ्रम, १८८९ सालचा. तीनदा मोजल्या, तरी दुसरी लांबच दिसते! म्हणजे ज्ञान झाल्यावरही न जाणारा भ्रम असतो. लाल फुलाशेजारी लाल दिसणाऱ्या स्फटिकासारखा, उपाधी (भ्रम घडवणारी गोष्ट, इथे ते फूल) आहे तोवर टिकणारा.

एन्ट्रॉपी वाढत जाते, त्यावरूनच काळ पुढे जातो असं म्हणतात. ही काळाची दिशा या दुसऱ्या प्रकारात बसते का? बसत असेल तर उपाधी कोणती, आपली ढोबळ नजर?

आणि खरा अडसर पुढे आहे. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या मते मन आणि द्रव्य एकाच सत्तेची दोन अंगं. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या तटस्थ एकतत्त्ववादात मूळ घटक ना मानसिक ना भौतिक. सगळं एकच असेल तर पाहणारा आणि पाहिलेलं ही रेघ कोण ओढतं?

ज्यांनी भौतिकशास्त्र आणि वेदान्त दोन्ही नीट वाचलंय, त्यांनी माझं कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा.