‘रेड’ला छापा म्हणावं की धाड?

माहीमकर: दुसऱ्या महायुद्धातल्या मुंबईच्या किनारी संरक्षणावरचा एक लेख मराठीत आणतोय. शत्रूच्या जहाजांची ‘रेड’ होईल, ‘इन्व्हेजन’ सहसा होणार नाही, असा त्यात अदमास आहे. म्हणजे जहाजं येतील, गोळे टाकतील, निघून जातील. फौज उतरवून मुलूख धरणार नाहीत. मी दोन्हीकडे ‘आक्रमण’ लिहिलं आणि अर्थच बुडाला. किनाऱ्यावर तोफा वाढवायच्या की पलटणी, हे तर या फरकावरच ठरतं.

गिरगाववाली: छापा लिहा.

कुलाबेकर: छापा नको. छापा गाफील गाठून, जवळ जाऊन घालतात. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री ‘एम्डन’ या जर्मन युद्धनौकेने समुद्रातूनच मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. तो मारा. आणि आता छापा म्हटलं की प्राप्तिकरवालेच डोळ्यांसमोर येतात.

गिरगाववाली: माझी तमिळ शेजारीण बेरकी माणसाला अजून ‘एम्डन’ म्हणते!

पार्लेकर: ‘धाड’ हा आपला, संस्कृत धाटीवरून आलेला शब्द असताना इकडेतिकडे कशाला बघायचं? रेडला धाड, इन्व्हेजनला जलाक्रमण.

गिरगाववाली: धाड म्हटलं की मला आजीचं ‘काय धाड भरलीय तुला?’ ऐकू येतं. आणि जलाक्रमण म्हणजे पूर आल्यासारखं वाटतं. आरमार पोर्तुगीजांकडून आलं, फौज अरबी, तोफ तुर्की. ते चालतं ना?

पार्लेकर: ते तीनशे वर्षं मुरलेत. म्हणून आज नवे शब्द घडवायचेच नाहीत का?

माहीमकर: धाडीत लूट येते हो. ५ एप्रिल १९४२ला जपानी ताफ्याने कोलंबोवर विमानं सोडली आणि तो माघारी वळला. लुटलं काहीच नाही.

मांडवीकर: आमचे आजोबा सांगायचे, १४ एप्रिल १९४४ला गोदीत दारूगोळा नि कापूस भरलेली ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली तेव्हा लोक ‘जपान आला, जपान आला’ ओरडत पळत होते. अंगावर पेटता कापूस पडत होता. गोळा की बॉम्ब, कोणी विचारलं नाही. नुसतं ‘आला’.

माहीमकर: म्हणजे रेडला ‘येऊन जाणं’, इन्व्हेजनला ‘उतरणं’?

पार्लेकर: उतरतात ते पाहुणे. शत्रूची स्वारी येते.

कुलाबेकर: स्वारी घोड्यावरची. समुद्रात कसली स्वारी?

मांडवीकर: गोदीवरून आठवलं. हा शब्द गुजरातीतून आपल्याकडे आला की आपल्याकडून तिकडे गेला?