शब्दचर्चा : हाती न लागणाऱ्या जुन्या पिक्चरला काय म्हणायचं?

परवा भाचीने मला अडवलं. "मावशी, तुझ्या त्या जुन्या प्रेमाच्या पिक्चरांना तू दुर्मीळ का म्हणतेस? दुर्मीळ तर नाणी असतात." तिचं खरं आहे. दुर्मीळ म्हटलं की काचेच्या कपाटात जपलेली, किंमत लागलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. मला जीव लावणारे पिक्चर कुणी कपाटात ठेवलेच नाहीत. ते आले, आठवडाभर चालले आणि रिळांच्या पेट्या परत गेल्या.

मला असा शब्द का हवा आहे, ते सांगते. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी गणपतीत 'व्हिडिओ आणायचे'. म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीच्या भाड्याने. पहिले दोन पिक्चर मोठ्यांच्या पसंतीचे, तिसरा दुकानदार देईल तो. एका वर्षी तिसरी कॅसेट लागली तेव्हा अर्धं घर झोपलं होतं. पिक्चरात सुट्टीला आलेली दोन माणसं, एक बंद बंगला, पाऊस, आणि बोलायचं राहून गेलेलं बरंच काही. नायिका स्टेशनवर पोचते तोच लाईट गेली. माटवीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या सजवलेल्या चौकटीखाली, समई तेवढी तेवत होती. आम्ही तिघी बहिणी पहाटेपर्यंत तशाच बसून राहिलो. लाईट आली नाही आणि सकाळी दुकानदाराचा पोरगा सामान घेऊन गेला. पिक्चरचं नावही पाहायचं राहिलं.

त्या रात्रीने जे मागे ठेवलं त्याला 'चुटपुट' हा शब्द अगदी चपखल बसतो. हुरहुरीला कारण सांगता येत नाही, चुटपुटीला सांगता येतं: एवढंसंच राहिलं होतं, आणि तेच राहिलं. पण त्या पिक्चरला काय म्हणू? 'पडेल' नको. तो धंद्याचा शब्द आहे आणि त्यात तुच्छता आहे. 'उपेक्षित' म्हटलं की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं.

रत्नागिरीहून :
ताई, आधी 'दुर्मीळ'बद्दल. 'दुर्' हा संस्कृत उपसर्ग आणि 'मिळणे' हा मराठी धातू, अशी ही सोयरीक आहे. शुद्ध संस्कृत 'दुर्लभ'. तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) नसल्यामुळे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ, म्हणून 'दुर्मीळ'. पण 'दुर्मिळातला' असं सामान्यरूप केलं की ऱ्हस्व.

तुम्ही 'पिक्चर'च लिहिता, ते मला आवडलं. 'चित्रपट' शब्दाशी माझं वैर नाही. पट म्हणजे वस्त्र, आणि त्यावर रंगवलेलं चित्र म्हणजे चित्रपट, हा अर्थ सिनेमाच्या फार आधीचा. बोलपट, पटकथा, दिग्दर्शक या शब्दांचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. ते 1924 ते 1937 आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा हे शब्द मला घरचेच वाटतात. पण गणपतीच्या रात्री कुणी 'चला, प्रेमपट पाहू' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

देवगडहून :
शब्द तुमच्या तोंडातच आहे. आपल्या मालवणीतला 'गावणे'. आपण म्हणतो, "तो पिक्चर आता खंय गावाचो नाय." प्रमाण मराठीत 'सापडणे' आहे, पण सापडण्याआधी हरवावं लागतं. 'मिळणे' बाजारातलं, पैसे टाकले की मिळतं. 'गवसणे' कवितेत शोभतं. गावणं वेगळं. आज बांगडे बरे गावले. येस्टी गावली. चोर गावला. यात माणसाची खटपट असते, पण शेवटचा शब्द समुद्राचा किंवा ड्रायव्हरचा असतो. जुना पिक्चर असाच. दहा वर्षं शोधा, गावत नाही. आणि एखाद्या रात्री भलतंच काही पाहायला बसावं, तर तो समोर.

'न गावलेलो पिक्चर' म्हणा. त्यात तुच्छता नाही, किंमतही नाही.

मूळ प्रश्न विचारणारी :
दादा, काळजात बसला शब्द. त्यात 'गाव' ऐकू येतं ते वेगळंच. व्युत्पत्तीचा दावा करत नाही, कानाचं सांगते.

आता दुसरी अडचण. इंग्रजीत नाताळच्या दिवसांत घडणाऱ्या पिक्चरांना 'हॉलिडे' पिक्चर म्हणतात. भाचीने त्याचं 'सुट्टीचे चित्रपट' केलं. मला पटत नाही. अमेरिकेत त्या शब्दात नाताळ ते नववर्ष असा सणाचा काळ येतो, तेव्हा 'सणासुदीचा पिक्चर' जवळचा. ('नाताळ' पोर्तुगिजांकडून आपल्या किनाऱ्याला लागला आणि इथलाच झाला.) आमच्याकडे सुट्टी लागते तेव्हा शाळेला कुलूप लागतं, आणि सण येतो तेव्हा वर्षभर बंद असलेल्या घराचं कुलूप उघडतं.

माझा लाडका आहे 1940 चा 'रिमेंबर द नाइट'. सरकारी वकील नाताळात आपल्या गावी निघतो आणि जिच्यावर चोरीचा खटला चालवतोय तिलाच सोबत नेतो, कारण तीही इंडियाना राज्यातलीच निघते. बार्बरा स्टॅनविक आणि फ्रेड मॅकमरे. या जोडीचा 1944 चा 'डबल इंडेम्निटी' जगाला माहीत आहे, हा मागे पडला. मला तर त्यात गणपतीला निघालेले चाकरमानीच दिसतात.

कुडाळहून :
एक शब्द माझाही, 'बेवारस'. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा नाताळचा अमेरिकन पिक्चर 1946 चा. थिएटरात बेताचाच चालला. 1974 मध्ये कॉपीराइटच्या हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. मग टीव्हीवाल्यांना तो फुकट लावता येऊ लागला. दर नाताळात इतका दाखवला की घराघरातला झाला. बेवारस झाला म्हणून गावला! आपल्याकडे बरेचदा उलट होतं. वारस पुष्कळ, त्यामुळे रीळ कुणीच बाहेर काढत नाही, आणि ते आंबतं. 'आंबणे' मी शब्दशः म्हणतो. जुन्या अ‍ॅसिटेटच्या (एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) फिल्मला दमट हवेत व्हिनेगरचा वास येतो, ती आक्रसते, वाकते. आपल्या पावसाळ्यात काय होत असेल विचार करा.

मूळ प्रश्न विचारणारी :
खरं आहे. आमच्या माळ्यावर दोन कॅसेट निघाल्या. झडप उचलून पाहिलं, तर फितीच्या कडेला पिठासारखी पांढरी बुरशी. लेबल कसरीने खाल्लेलं. तशाच व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी यंत्राच्या हेडला लागते. कोरड्या जागी ठेवून जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यायच्या आहेत. त्यांतली एक 'ती' असेल अशी आशा धरायला काही आधार नाही, तरी धरली आहे.

शेवट गावलो, तर हंयच लिहीन.