मुलीला एम.एस्सी. जिऑलॉजीला नागपूरला पाठवू का? राहणं-खाणं धरून महिना ९ हजारात बसवायचंय

सांगलीवाले_बाबा:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. मुलीचं बी.एस्सी. पुण्यात झालं, जिऑलॉजी घेऊन. आता एम.एस्सी. करायचं म्हणते आणि ते पण नागपूर विद्यापीठातच. घरात कुणाला पटेना. आमच्याकडं शिकायचं म्हणजे पुणे, नाहीतर कोल्हापूर, नागपूर म्हटलं की लोकांना संत्री आणि ऊन एवढंच आठवतं. माझे प्रश्न तीनच. १) शिक्षणाच्या दृष्टीनं नागपूर खरंच बरं का पुणेच ठीक? २) एकटी मुलगी कुठल्या भागात राहील? ३) फी सोडून महिना ९ हजार, त्यावर एक रुपया जमणार नाही, धाकट्याची बारावी आहे. इंजिनियरिंग, एमबीए वगैरे सुचवू नका, ती वेळ गेली.

ऑरेंज_८४:
नागपूरला कमी समजू नका साहेब. व्हीएनआयटी १९६० पासून आहे, आयआयएम आहे, एम्स आहे, ट्रिपल आयटी आहे, लॉ युनिव्हर्सिटी आहे. मुलीला एमबीए करू द्या, आयआयएमचा कॅम्पस मिहानमधे, म्हणजे विमानतळाजवळच्या मोठ्या औद्योगिक प्रकल्पात आहे, बघूनच मन भरतं. माझा भाचा तिथेच आहे, पहिल्याच प्रयत्नात लागला.

सांगलीवाले_बाबा:
एमबीए नको म्हटलंय वो.

पुणेरी_पाटी:
पुण्यात राहणारी मुलगी नागपूरला कशाला जाईल हेच कळलं नाही. पुण्यात पण विद्यापीठात जिऑलॉजी आहे. हवा बघा, लायब्ररी बघा, ग्रंथालयाबाहेरचा चहा बघा.

खामल्याचे_काका:
पाटी, तुमच्या हवेत आता राहिलं काय? सकाळी साडेनऊला हिंजवडीला जाऊन दाखवा, मग हवेबद्दल बोलू. आमच्याकडं रस्ते पहा, झाडं पहा, मेट्रोत बसायला जागा मिळते. सांगलीवाले, माझं ऐकाल तर खोली-बिली पाहूच नका. बेसा नाहीतर मनीष नगरला टू बीएचके घेऊन टाका. पोरगी दोन वर्षं राहील, मग भाड्यानं देता येईल. मी घेतला तेव्हा सगळे हसले, आज कोणी हसत नाही.

सांगलीवाले_बाबा:
काका, ९ हजार महिना म्हणालोय, ९ हजार चौरस फुटाला नव्हे.

मिहान_पीडित:
फ्लॅट-प्लॉटच्या नादी लागू नका. मिहान येणार मिहान येणार म्हणून मी २००९ ला वर्धा रोडच्या आत प्लॉट घेतला. एजंटनं सांगितलं होतं पाच वर्षात दहापट. तिथे आज पण म्हशी चरून राहिल्या. म्हशीवाल्यालाच विकावा म्हणतो, तो पण भाव पाडून मागतो.

खामल्याचे_काका:
तुम्ही एनए, म्हणजे बिगरशेतीचा दाखला न पाहता घेतला असेल न, मग मिहानला कशाला दोष देता.

मिहान_पीडित:
एनए होता. एनए होता म्हणूनच जास्तीचे पैसे मोजले, आता नका आठवण करून देऊ.

जिओ_पोट्टी:
काका लोक, धागा कशाचा आहे? मी आत्ताच इथून एम.एस्सी. जिऑलॉजी केलं म्हणून लिहिते. बाबा, तुमच्या मुलीला काय पाहिजे ते तिला बरोबर कळलंय. पश्चिम महाराष्ट्रात तुम्ही सांगलीपासून नाशिकपर्यंत गाडी चालवली तरी खाली एकच दगड, काळा बसाल्ट. जिऑलॉजीवाल्याला तो पण आवडतोच, पण परीक्षेत सगळे दगड येतात न. नागपूर बरोबर त्या काठावर आहे जिथे हा बसाल्ट संपतो. गावातच सेमिनरी हिल्स, सीताबर्डीची टेकडी बसाल्टची, आणि कामठीकडं गेलं की गोंडवाना, म्हणजे बसाल्टहून जुने, कोळशाचे थर असलेले दगड सुरू. कामठी फॉर्मेशन हे नाव पुस्तकात वाचलं असेल तिनं, ते हेच कामठी, बसनं जाता येतं. उमरेड, सावनेरला कोळसा. मनसर, कांद्रीला मँगनीज. आणि देवलापारचा नॅप, म्हणजे दगडाचा थर जिथून तिथून ढकलत येऊन दुसऱ्या थरावर बसलेला, तो सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतका जवळ आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सर नुसते उभे राहिले आणि म्हणाले पहा. अर्धा तास आम्हाला काही दिसलं नाही. मग दिसलं तेव्हा अंगावर काटा.

सांगलीवाले_बाबा:
मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणते मी आठ महिने हेच तर सांगतेय. धन्यवाद बाळा.

लोणार_फॅन:
लोणार सरोवर पण आहे! उल्केनं झालेलं! नागपूरचं वैभव!

खामल्याचे_काका:
लोणार बुलढाण्यात येतं भाऊ.

लोणार_फॅन:
समृद्धीनं किती वेळ लागतो, जवळच झालं न.

खामल्याचे_काका:
समृद्धीनं तर मुंबई पण जवळच झाली, तिला पण नागपूरचं वैभव म्हणा.

खाणवाला:
मी ३१ वर्षं खाणीत काढली, आता रिटायर. पोट्टीनं दगडाचं सांगितलं, मी पोटाचं सांगतो. भारतात जिऑलॉजीची पोरं ज्या दारात उभी राहतात त्यातली निम्मी दारं या एका गावात आहेत. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथं. मँगनीजवाली मॉईल इथं, वेस्टर्न कोलफील्ड्स इथं, मिनरल एक्स्प्लोरेशनचं ऑफिस सेमिनरी हिल्सला, जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं ऑफिस तिथेच. शिवाय पर्यावरण संशोधनवाली नीरी, आणि अमरावती रोडवर राष्ट्रीय माती सर्वेक्षणवाले. पुण्यात तिला आयटीवाले दिसतील, इथं चहाच्या टपरीवर बाजूला उभा असलेला माणूस खाणीतला निघतो. प्रोजेक्टसाठी, इंटर्नशिपसाठी पत्र घेऊन पायी फिरता येतं, हे मुंबई-पुण्याच्या पोरांना जमत नाही, ते मेल पाठवून वाट पाहत बसतात. आणि एम.एस्सी. सुरू झाल्याबरोबर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा डोक्यात ठेवायला सांगा. सर्व्हेत जिऑलॉजिस्ट व्हायचा रस्ता तोच. गेट पण द्यायला लावा.

पुणेरी_पाटी:
मुलीला खाणीत नोकरी? जरा विचार करा.

खाणवाला:
विचार करूनच सांगितलं. माझी सून ऑफिसात बसून बोअरहोलचे लॉग, म्हणजे जमिनीत पाडलेल्या भोकांतून निघालेल्या थरांच्या नोंदी पाहते आणि हाताखाली आठ जणं आहेत. तुम्ही चहा घ्या.

ऑरेंज_८४:
इतिहास पण सांगतो, कोणी सांगितला नाही. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आहे. ते ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते, पण नागपूरच्या आजूबाजूचे दगड आणि जीवाश्म पहिल्यांदा नीट गोळा करणारे तेच. टाकळीला त्यांना जीवाश्म सापडले. १८६३ मधे टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरनं परत येताना नदीत बुडून गेले. म्हणजे नागपुरात दगडाची हौस जुनीच आहे. विद्यापीठ पण १९२३ चं, शंभरी ओलांडली.

मृदुला_धरमपेठ:
राहण्याचं कोणी बोलणार आहे का? माझ्या मुलीचा अनुभव सांगते. पहिलं वर्ष एका पीजीत ठेवली, जाहिरातीत एसी, वायफाय, चार वेळचं जेवण. एसीचा रिमोट मालकिणीकडे, वायफाय फक्त जिन्यात, आणि जेवणात रोज बटाटा, त्यातही मंगळवारी बटाट्याला सुट्टी. अनामत परत द्यायला सहा महिने लावले. म्हणून सांगते धरमपेठ, शंकर नगर, रामदासपेठ यातच बघा, भाग चांगला, रात्री पण रस्त्यावर माणसं असतात. भाडं साधारण ८ ते ९ पडेल.

सांगलीवाले_बाबा:
ताई, ९ तर माझे सगळेच आहेत.

मृदुला_धरमपेठ:
मुलीच्या सुरक्षिततेत काटकसर करू नये एवढंच म्हणेन.

तर्री_मास्टर:
जेवणाची चिंता सोडा. सकाळी तर्री पोहे खाल्ले की दुपारपर्यंत भूक नाही. सांगलीच्या माणसाला तिखटाचं सांगायला नको पण सावजी पहिल्या दिवशी देऊ नका पोरीला, आमचा कोल्हापूरचा दोस्त, आम्ही तांबडा-पांढरावाले म्हणून आला होता, दुसऱ्या दिवशी दहीभात खाऊन राहिला.

सांगलीवाले_बाबा:
कोल्हापूरचा होता म्हणून. सांगलीचा असता तर दुसरं ताट मागितलं असतं.

शिष्यवृत्ती_ताई:
मुलींना फी माफ आहे, २०२४ पासून, उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर. आधी तो अर्ज करा.

जिओ_पोट्टी:
ताई ते व्यावसायिक कोर्सला आहे, इंजिनियरिंग, फार्मसी वगैरे, आणि ते पण कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून घेतलं तर. साध्या एम.एस्सी.ला त्या भरवशावर राहू नका. बाबा, तुम्ही महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आपल्या प्रवर्गात काय बसतं ते पहा, आणि शेतकरी असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या अटी वाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे कोणी सांगत नाही: विद्यापीठ बदलतंय म्हणजे पुण्याहून मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, टीसी लागेल, इथं एलिजिबिलिटी (पात्रतेचा फॉर्म) भरावी लागेल, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर) तयार ठेवा. माझ्या वर्गातला एक पोट्टा मायग्रेशनसाठी दिवाळीत गावी जायचं सोडून ऑफिसच्या रांगेत होता. हे आत्ताच करा. विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलचा अर्ज पण भरून ठेवा, मिळालं तर ९ हजारात आरामात बसतं आणि पैसे उरतात.

शिष्यवृत्ती_ताई:
तेच म्हणत होते मी, कागदपत्रं तयार ठेवा.

मृदुला_धरमपेठ:
हॉस्टेलला अर्ज करा पण धरमपेठला एक नजर टाकून ठेवा.

कूलर_किंग:
कोणी मुख्य गोष्ट बोललं नाही. कूलर. मार्चपासून लागतो, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात तर दुपारी कुत्रं पण रस्त्यावर दिसत नाही. लोखंडी बॉडीचा घ्या, प्लॅस्टिकचा खेळणं आहे. ताट्या वाळ्याच्या. खिडकी पाहूनच खोली घ्या, कूलर खिडकीत बसला नाही तर खोलीत नुसता दमट कारभार होतो. मी आतापर्यंत ११ कूलर वापरले.

मिहान_पीडित:
११ कूलर म्हणजे तुमचा एकही टिकला नाही.

कूलर_किंग:
प्लॅस्टिकचे टिकले नाहीत, म्हणून तर सांगून राहिलो.

खामल्याचे_काका:
मी पुन्हा सांगतो, बेसा.

पुणेरी_पाटी:
डिसेंबरात अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडं बॅरिकेड, मोर्चे, वर्षातले काही आठवडे शहर बंद. हे पण सांगा की.

ऑरेंज_८४:
उपराजधानी आहे, होणारच. तुमच्याकडं तर बाराही महिने बंद असतं, मोर्चा नसताना.

खाणवाला:
साहेब, एकदा येऊन पाहून जा. डिपार्टमेंट लॉ कॉलेज चौकापाशी आहे. दगडांचे नमुने पहा, कोणत्या सरांकडे फिल्ड किती होते ते विचारा. कोर्स सगळीकडे सारखाच असतो, फिल्डचे दिवस सारखे नसतात.

(तीन आठवड्यांनी)

सांगलीवाले_बाबा:
मंडळी, जाऊन आलो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं. कोल्हापूर-गोंदिया गाडी आहे, सांगलीत बसलो आणि वाटलं आता उतरूच नये, आपलंच घर झालंय. एक अख्खा दिवस. डिपार्टमेंट पाहिलं. खाणवाले साहेबांनी सांगितलेला प्रश्न मुलीनं विचारला, उत्तर ऐकून तिथंच म्हणाली, बाबा, फॉर्म भरा. मायग्रेशनचं काम पुण्यात सुरू केलंय, त्याबद्दल पोट्टीचे आभार, खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

राहायचं म्हणाल तर हॉस्टेलला अर्ज दिलाय पण वाट बघत नाही. धरमपेठ पाहिली, भाग छान, भाव पण छान. बेसा पाहिलं नाही, काका माफ करा. खोली घेतली महालात.

मृदुला_धरमपेठ:
महालात??? त्या गल्ल्यांमधे? कॉलेज कुठे, महाल कुठे?

सांगलीवाले_बाबा:
चितार ओळीला मेट्रोत बसायचं, शंकर नगरला उतरायचं, गाडी बदलायची नाही, पुढं थोडं चालायचं. आम्ही दोनदा करून पाहिलं. जुना वाडा आहे, खाली पंचाहत्तरीच्या आजी, वर दोन खोल्या, एकीत वर्ध्याची एक मुलगी एम.ए. करते. आजींनी मुलीला विचारलं काय शिकतेस, ती म्हणाली दगड. आजी म्हणाल्या, वाड्याचं जोतं कुठल्या दगडाचं आहे सांग. हिनं खाली बसून बघितलं, हात फिरवला आणि सांगितलं. आजी म्हणाल्या, भाडं साडेतीन, रात्री नऊला दार बंद. डबा दोन वेळचा ३ हजारात गल्लीतच मिळतोय, मेट्रो-रिक्षा हजार धरले, वर दीड हजार उरतात.

कूलर_किंग:
खिडकी किती बाय किती आहे?

सांगलीवाले_बाबा:
मोजली नाही. भिंती दोन हात जाड आहेत, आजी म्हणतात इथं टेबलफॅन पुरतो.

कूलर_किंग:
एप्रिलमधे फोन करा.

खामल्याचे_काका:
मग विचारलं कशाला एवढं सगळं? आम्ही इतकं टाइप करून राहिलो, आणि यांनी शेवटी आजीला विचारून घर घेतलं.

जिओ_पोट्टी:
काका, बेस्ट घेतलंय त्यांनी. ताईला सांगा माझ्या जुन्या नोट्स आणि थरांची दिशा, उतार मोजायचा ब्रंटन कंपास देते, नंबर मेसेज करते. हातोडा मात्र स्वतःचा घ्यावा, उसन्या हातोड्यानं दगड नीट फुटत नाही असं आमच्यात म्हणतात.

सांगलीवाले_बाबा:
हातोडा आहे तिच्याकडं, बी.एस्सी.चा. तेवढं एक विचारायचं राहिलं, ट्रेनमधे सॅकमधे ठेवला तर पोलीस काही म्हणत नाहीत न?

खाणवाला:
काही म्हणत नाहीत. फक्त सॅक वरच्या बर्थवर ठेवू नका.